बाळंतिणीचे नैराश्य आणि तिच्या भावबंधाची शैली : बालपणाचा संबंध किती धरावा?

प्रश्न
थोरली बहीण, डिचोली

नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे माहेरी आली आहे. मुलगी झाली, प्रसूती नीट पार पडली, बारसेही झाले, आणि आता बाळ अडीच महिन्यांचे होत आले आहे. तिचे यजमान कुवेतला नोकरीला असल्यामुळे रजा संपताच परत गेले. पहिल्या काही आठवड्यांत आम्हाला वेगळे असे काही जाणवले नाही. उलट घरात तिचे कौतुकच होत होते, कारण बाळाचे सगळे ती एकटीने आणि न कुरकुरता करीत होती. पण हळूहळू लक्षात येऊ लागले की बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही, मेथ्यांची पेज समोर ठेवली तर दोन घोट घेऊन ती बाजूला सारते, आणि आईने बाळाला घेतले की घटकाभर आडवी होण्याऐवजी दुपटी धुवायला बसते. रात्री बाळ कितीही रडले तरी ती कोणाला उठवत नाही. काही विचारले तर एकच उत्तर येते : "मला काही झालेले नाही."

स्त्रीरोगतज्ज्ञांना तपासणीच्या वेळी शंका आली आणि त्यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे निदान झाले असून उपचार सुरू आहेत. सोबत समुपदेशनही आहे. समुपदेशक बाईंनी आईशी बोलताना सांगितले की बहिणीची 'ॲटॅचमेंट स्टाईल' दूर राहण्याची, म्हणजे आधार न मागण्याची आहे, आणि अशा शैलीचा नैराश्याशी संबंध दिसून येतो. त्यांनी हे समजावून सांगण्याच्या हेतूने सांगितले असेल, पण आईने ते मनाला लावून घेतले आहे. बहीण लहान असताना आई गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणात शिक्षिका होती आणि रोजचा प्रवास शक्य नव्हता, म्हणून दीड वर्षाची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत बहीण सत्तरीत आजीकडे वाढली. मी थोरली, शाळेत जाणारी, म्हणून आई-वडिलांबरोबर काणकोणात राहिले. आता आई म्हणते की हे सारे त्या वर्षांचे फळ आहे.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आईच्या भावबंधाची शैली आणि तिचे प्रसूतीनंतरचे नैराश्य यांचा संबंध संशोधनात नेमका किती आढळतो? बालपणी आजीकडे राहिल्याने असे होते, असे म्हणता येते का? आणि जी मदत मागतच नाही, दिली तरी घेत नाही, तिला मदत करायची कशी?

उत्तर १
मानसशास्त्राची अध्यापिका, फोंडा

ताई, तुमच्या आईंना सर्वांत आधी हे सांगा की समुपदेशक बाईंनी जे सांगितले ते तुमच्या बहिणीच्या आजच्या वागण्याचे वर्णन आहे. त्यात बालपणाविषयीचा कोणताही निवाडा नाही. संशोधन जेथवर जाते तेथवर जाऊ आणि त्यापुढे नाही, अशा बेताने मी लिहिते.

भावबंधाचा सिद्धांत ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी मांडला. लहान मूल भ्याले, दुखावले किंवा थकले की ते ठरावीक माणसाकडे धाव घेते, आणि तेथे त्याला वारंवार जसा अनुभव येतो त्यावरून, आपण हाक मारली तर कोणी येईल की नाही याचा एक अंदाज त्याच्या मनात घर करतो. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये माता-बालकांचे बारकाईने निरीक्षण करून या अंदाजाचे वेगवेगळे नमुने दाखवून दिले. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हाच विचार प्रौढांच्या जवळच्या नात्यांना लावला. आज प्रौढांची शैली बहुधा दोन मापांनी पाहतात. आपले माणूस आपल्याला सोडून जाईल ही धास्ती किती, हे एक माप; आणि कोणावर विसंबून राहणे कितपत नकोसे वाटते, हे दुसरे. दोन्ही कमी असतील तर तिला सुरक्षित शैली म्हणतात. धास्ती जास्त असेल तर माणूस पुन्हापुन्हा खात्री करून घेतो, दुरावा जास्त असेल तर मागणेच सोडून देतो, आणि काही जणांत दोन्ही असतात, म्हणजे जवळीक हवीही असते आणि तिची भीतीही वाटते.

आता तुमचा पहिला प्रश्न. असुरक्षित शैलीच्या स्त्रियांमध्ये प्रसूतीच्या आगेमागे नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. त्यांपैकी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अँटोनिया बिफुल्को आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. युरोपातील आणि अमेरिकेतील केंद्रांत स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेऊन तो झाला. त्यात दुराव्याच्या शैलीचा संबंध गरोदरपणातील नैराश्याशी अधिक दिसला, तर धास्तीच्या शैलीचा संबंध प्रसूतीनंतरच्या नैराश्याशी. हे वाचल्यावर मला आपल्याच गोव्यातील एका अभ्यासाची आठवण झाली. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील २७० स्त्रियांपासून सुरुवात केली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे आढळले, आणि या मातांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचे दुखणे समजतो ते पुष्कळदा आधीच सुरू झालेले असते, आणि जी बाई कधी तक्रारच करीत नाही तिचे ते कोणाच्या ध्यानी येत नाही. तुमच्या बहिणीचे गरोदरपणातील शेवटचे महिने कसे गेले, हे तिच्या डॉक्टरांना अवश्य सांगा.

संबंध आढळला म्हणून कारण सापडले असे मात्र होत नाही, आणि येथे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण तुमच्या आईंचे सारे दुःख याच जागी आहे. शैली मोजायची म्हणजे प्रश्नावली भरून घ्यायची किंवा मुलाखत घ्यायची. नैराश्यात असलेल्या व्यक्तीला आपले जग आणि आपली माणसे मुळातच करड्या रंगात दिसतात. आज तिला "तुम्हाला कोणाचा आधार वाटतो का" असे विचारले तर ती जे सांगेल त्यात तिचा स्वभाव किती आणि आजार किती, हे वेगळे काढणे कठीण असते. म्हणून चांगले अभ्यास बाळ होण्याआधीच शैली मोजतात आणि नंतर त्या स्त्रियांचा मागोवा घेतात. सिम्पसन, ऱ्होल्स आणि सहकाऱ्यांचा २००३ मधील अभ्यास असाच आहे. त्यात असे दिसले की धास्तीची शैली असलेल्या ज्या स्त्रियांना गरोदरपणात पतीकडून पुरेसा आधार मिळत नाही असे वाटत होते, त्यांच्यातच प्रसूतीनंतर नैराश्याची लक्षणे वाढली. तशीच शैली असूनही ज्यांना आधार जाणवत होता त्यांची गोष्ट वेगळी होती. शैली एकटी काही करीत नाही. तिला आजूबाजूची परिस्थिती काय देते, यावर पुढचे ठरते.

गोव्यातील अभ्यासात तर आर्थिक ओढाताण आणि पती-पत्नीतील बिघडलेले संबंध हे नैराश्य येण्याचे आणि ते रेंगाळण्याचेही महत्त्वाचे धोके ठरले, आणि बाळ मुलगी आहे की मुलगा याचाही परिणाम दिसला. मुलगी झाल्यावर बोलण्यातून कोणी काही सुचवले आहे का, सासरहून फोनवर काही कानावर आले आहे का, हे एकदा शांतपणे पाहावे. तुमच्या घरी तसे नसेलही, पण "दुसऱ्या वेळी मुलगा होईल" हे वाक्य लोक सांत्वन म्हणून बोलून जातात आणि बाळंतिणीच्या मनात ते रुतून बसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. आजीकडे वाढल्यानेच मूल असुरक्षित होते, असे संशोधनावरून म्हणता येत नाही. आजीशीही सुरक्षित भावबंध जुळतो, आणि पुष्कळांचा तो आयुष्यभराचा आधार ठरतो. लहान वयात घर बदलले, माणसे बदलली, तर त्या मुलाला त्रास होऊ शकतो हे खरे. पण त्या एका गोष्टीवरून तीस वर्षांनंतरच्या आजाराचे निदान करणे शास्त्राला मान्य नाही. लहानपणीचा नमुना मोठेपणी तसाच टिकतो असेही नाही. चांगले लग्न, विश्वासाची मैत्री, समजूतदार उपचार यांनी तो बदलतो, आणि कठीण बालपणातून येऊनही सुरक्षित झालेल्या व्यक्तींचा संशोधकांनी स्वतंत्रपणे अभ्यास केलेला आहे.

उत्तर २
निवृत्त मुख्याध्यापक, साखळी

अध्यापिका बाईंचे उत्तर मी दोनदा वाचले. त्यांचा आदर राखून एक मतभेद नोंदवतो. हा सिद्धांत मुळात अशा समाजातला आहे जेथे एक आई, एक वडील आणि एक मूल बंद दारामागे राहतात. आमच्या पिढीत सत्तरी-डिचोलीच्या कोणत्याही घरात मूल आजी, आत्या, काकू, थोरली बहीण अशा अनेकांच्या कडेवर वाढत असे, आणि त्यात त्याचे काही कमी होत आहे असे कोणाला वाटत नसे. तेव्हा 'दूर राहण्याची शैली' हे आपल्या मुलींच्या संकोचाला आणि सोशिकपणाला दिलेले परके नाव तर नव्हे? आपल्याकडे मुलीला लहानपणापासून शिकवले जाते की स्वतःचे दुखणे सांगू नये. ती तसे वागली तर तो संस्काराचा परिणाम म्हणावा की भावबंधाचा दोष?

उत्तर ३
मानसशास्त्राची अध्यापिका, फोंडा

सर, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो या क्षेत्रातील लोकांनीही घेतला आहे. हायडी केलर यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक संस्कृतींतील मुलांचा अभ्यास करून हेच म्हटले आहे की एकाच आईभोवती बांधलेले चित्र जगभर जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. एन्सवर्थ यांचे पहिले निरीक्षण १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत झाले, आणि तेथे सुरक्षित बाळांच्या मातांचे एक लक्षण त्यांना जाणवले : त्या आपल्या बाळाविषयी बारीकसारीक तपशील, कोणी न विचारताही, आवडीने सांगत. त्या निरीक्षणात महत्त्व बाळ कोणाच्या कडेवर आहे याला नव्हते. त्याच्याकडे लक्ष आहे की नाही, याला होते. आपल्या जुन्या घरांतही काही मुलांकडे अनेकांचे लक्ष असे, आणि काही मुले अनेकांत असूनही एकटी पडत.

सोशिकपणाबद्दल आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. प्रश्नावलीत दुराव्याचे गुण जास्त आले म्हणून ती तिची घडण मानावी की शिकवण, हे भारतीय स्त्रियांच्या बाबतीत जपूनच ठरवावे लागते. पण बाळंतिणीच्या दृष्टीने परिणाम एकच होतो. ती सांगत नाही, म्हणून घराला कळत नाही, आणि घराला कळत नाही म्हणून ती एकटी पडते. सोशिकपणाचे कौतुक करणारे घर तिचा आजार लवकर ओळखू शकत नाही. थोरल्या ताईंनी प्रश्नातच लिहिले आहे की सुरुवातीला सर्वांनी तिचे कौतुक केले. त्यात कोणाची चूक नाही, पण आपण सर्वांनीच ही सवय सोडायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ४
एक आई, पेडणे

मी या विषयातील तज्ज्ञ नाही, पण या आजारातून गेले आहे, आणि माझी तऱ्हा थोरल्या ताईंच्या बहिणीच्या अगदी उलट होती, म्हणून लिहिते. माझे यजमान बोटीवर असतात. बाळ झाल्यावर मला क्षणभरही एकटे राहवत नसे. ते फोन का घेत नाहीत, संदेश पाहून उत्तर का देत नाहीत, याच विचारात माझी रात्र जाई, आणि उत्तर आले तरी समाधान होत नसे. सासूबाई पाण्याला विहिरीवर गेल्या तरी त्या आता परत येतील ना, अशी शंका मनात येऊन मला रडू फुटे. लोक म्हणत, हिला सगळे हातात मिळते आहे आणि तरी ही रडते. अध्यापिका बाईंनी धास्तीची शैली म्हणून जे लिहिले आहे ते वाचताना मला माझेच ते दिवस दिसले.

माझ्यावर उपचार झाले. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे डॉक्टरांनी विचारपूर्वक निवडून दिली आणि त्यांचा गुण आला. पण औषधांबरोबर घरात जे बदलले त्याचाही वाटा मोठा आहे. माझा सर्वांत वाईट वेळ दिवेलागणीचा असे. सासूबाईंनी मला काही न समजावता एवढेच ठरवले की देवाकडे दिवा लावल्यापासून रात्रीचे जेवण होईपर्यंत त्या माझ्या खोलीत बसतील. शेजारी कार्य असले, भजन असले, तरी त्या वेळी त्या तेथे असत. यजमानांनी फोनची वेळ ठरवून घेतली, आणि ज्या दिवशी बोट अशा ठिकाणी असे की संपर्क होणार नाही, ते आदल्या दिवशीच सांगू लागले. मला जास्त फोन नको होते. फोन केव्हा येणार हे ठाऊक असणे मला हवे होते, आणि हे मला स्वतःलाही तेव्हा सांगता आले नसते.

थोरल्या ताई, तुमच्या बहिणीला कदाचित याच्या उलट लागेल. सतत कोणी शेजारी बसले तर तिला ते ओझे वाटेल. पण ठरलेले काम ठरलेल्या वेळी कोणीतरी करणार आहे, हे तिलाही उपयोगी पडेल असे मला वाटते.

उत्तर ५
आरोग्यसेविका, बार्देश

वरील ताईंनी शेवटी जे लिहिले आहे तेथूनच पुढे लिहिते, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. जी मदत मागत नाही तिला "काही हवे का?" असे विचारू नये. त्याचे उत्तर "नको" हेच येते, आणि प्रत्येक नकाराबरोबर घरचे थोडे मागे सरतात. मी घराघरांत जाते तेव्हा सांगते की विचारणे बंद करा आणि काम वाटून घ्या. रात्री दोनचे पाजणे झाले की बाळाला ढेकर काढून झोपवणे आजीकडे, सकाळी न्हाऊ घालणे मावशीकडे, असे एकदा ठरले की तिला मागावेही लागत नाही आणि नाकारावेही लागत नाही. मात्र निवड तिची असू द्या. कोणते काम स्वतःकडे ठेवायचे हे तिला ठरवू द्या, नाहीतर बाळ आपल्याकडून काढून घेतले जात आहे असे तिला वाटते. तिने आभार मानले नाहीत, हसून बोलली नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका. तिला समोर बसवून "मनातले बोल" असा आग्रह धरू नका. अशा स्त्रिया बोलतात त्या बहुधा हातात काही काम असताना, भाजी निवडताना किंवा दुपटी वाळत घालताना, समोरच्याकडे न पाहता. त्या वेळी जे बोलेल ते ऐकून घ्यावे आणि लगेच सल्ला देऊ नये.

आता काही गोष्टी ज्या हा धागा वाचणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे हे पुष्कळ जणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापलीकडे टिकले तर ते वेगळे समजावे. तपासणीसाठी एडिनबरो प्रश्नावली वापरतात. १९८७ मध्ये तयार झालेल्या या प्रश्नावलीत मागील सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात आणि एकूण गुण ३० असतात. गोव्यातील अभ्यासासाठी तिचे कोंकणी रूपही वापरले गेले. तिने निदान होत नाही, पण कोणाला पुढे पाठवायचे हे कळते. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. बाकीचे गुण कितीही कमी असले तरी त्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. आपल्या 'मला काही झालेले नाही' म्हणणाऱ्या मुलींच्या बाबतीत मी हा प्रश्न घाई न करता, खोलीत दुसरे कोणी नसताना विचारते.

प्रसूतीनंतर थायरॉइडचा बिघाड आणि रक्तक्षय यांनीही थकवा, झोप न लागणे, उदासी येऊ शकते, त्यामुळे रक्ततपासणी झाली आहे का ते पाहा. आणि बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, तिला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, बाळाविषयी विचित्र समजुती सांगू लागली, किंवा झोपेची गरजच नसल्यासारखी वागू लागली, तर तो नैराश्याहून निराळा आणि तातडीचा आजार आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना तो होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच. तेव्हा १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. बांबोळीच्या आयपीएचबीचे, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयाचे, नाव काढले की घरची माणसे अजूनही कचरतात, आणि तेथे नेले तर बाळ आईपासून तोडतील अशी भीती घालतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच म्हटले आहे की आई दाखल असताना तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सहसा वेगळे करू नये. ही भीती मनातून काढून टाका. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

एक गोष्ट गोव्याने जगाला दाखवून दिली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१४ ते २०१६ या काळात येथे 'सखीं'चा प्रयोग झाला. पाकिस्तानात विकसित झालेली एक उपचारपद्धती गावातल्याच सामान्य स्त्रियांना शिकवून त्यांना नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले गेले, आणि प्रसूतीनंतरही त्या जात राहिल्या. २८० स्त्रियांच्या त्या चाचणीत लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मोठा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आजारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचे प्रमाण सखी येत असलेल्या गटात अधिक होते. न बोलावता, ठरल्या दिवशी, पुन्हा पुन्हा येणारी बाई, असे त्या उपचाराचे स्वरूप होते. दार न ठोठावणाऱ्या बाळंतिणीसाठी मला ते फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर
थोरली बहीण, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. अध्यापिका बाईंचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. आजीविषयीचा भाग तिने पुन्हा वाचायला सांगितला. रात्रीचे आणि सकाळचे काम आम्ही आजपासून वाटून घेतले आहे. बहिणीने बाळाची मालीश स्वतःकडे ठेवली, बाकीच्याला ती नाही म्हणाली नाही. गरोदरपणाविषयी विचारले तेव्हा तिच्या जाऊबाईंनी फोनवर सांगितले की सातव्या महिन्यापासूनच ती जेवणात लक्ष देत नव्हती आणि कोणाशी फारसे बोलत नव्हती. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगू.

आता आईला एकच भीती उरली आहे. बाळालाही हे असेच लागेल का?

उत्तर ६
मानसशास्त्राची अध्यापिका, फोंडा

ताई, जाऊबाईंनी सांगितलेली गोष्ट मोलाची आहे. नैराश्य गरोदरपणातच सुरू झाले होते असे दिसले तर उपचार किती काळ चालू ठेवायचे, याचा डॉक्टर वेगळा विचार करू शकतात.

बाळाविषयीची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती जेवढी वाटते तेवढी मोठी नाही. आईच्या शैलीचा आणि बाळाच्या भावबंधाचा संबंध दिसतो, हे खरे आहे. पण तो संबंध अटळ नाही, आणि आईला नैराश्य आले म्हणून बाळ असुरक्षित झालेच असेही नाही. ऑस्ट्रेलियातील मॅकमहन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा बाळाच्या भावबंधावर होणारा परिणाम आईच्या मनातील स्वतःच्या नात्यांच्या चित्रावर अवलंबून असतो. ज्या मातांना स्वतःच्या बालपणाकडे, त्यातील चांगल्या-वाईटासह, मोकळेपणाने पाहता येत होते, त्यांच्या बाळांचे भावबंध नैराश्यानंतरही पुष्कळदा सुरक्षित राहिले. म्हणून तुमच्या आई आणि बहीण यांनी त्या सत्तरीतल्या वर्षांविषयी कधीतरी, तिला बरे वाटू लागल्यावर, साधेपणाने बोलावे. आईने क्षमा मागण्याची गरज नाही. "तुला सोडून परत जाताना मला कसे वाटायचे" एवढे सांगितले आणि तिला कसे वाटायचे ते ऐकून घेतले तरी पुरे. ते बोलणे आता लगेच नको. आजारात जुन्या आठवणी जड होतात, आणि केव्हा बोलावे हे तिच्या समुपदेशकांना विचारून ठरवावे.

दरम्यान बाळाला हसून प्रतिसाद देणारे आणखी एक माणूस घरात असेल तर ते आईची जागा घेत नाही, तिच्या आजाराच्या काळात बाळाला सांभाळून धरते. या बाबतीत साखळीच्या सरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

उत्तर ७
आरोग्यसेविका, बार्देश

यात बाळाच्या शरीराचीही बाजू आहे, ती विसरू नये. गोव्यातीलच २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नैराश्य असलेल्या मातांच्या बाळांचे वजन आणि लांबी सहा महिन्यांच्या वयात कमी राहण्याचा धोका अधिक दिसला होता, म्हणून आईवर लवकर उपचार करणे हे बाळाच्या पोषणाचेही काम आहे. बाळ अडीच महिन्यांचे आहे म्हणजे दहाव्या आठवड्याची लस झाली असेल. चौदाव्या आठवड्याच्या लसीला जाल तेव्हा माता-बाल कार्डावर वजन नोंदवून घ्या, मागच्या नोंदीशी ताडून पाहा, आणि त्याच भेटीत बहिणीची एडिनबरो प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायला सेविकेला सांगा. त्या वेळी बाळाला तुम्ही बाहेर घेऊन बसा, म्हणजे तिला खोलीत एकटीने उत्तरे देता येतील.